मिठाचा कर आणि मुलांची शाळा : नामदार गोखले यांचे कौन्सिलातील कार्य

नामदार गोपाळ कृष्ण गोखले यांचे नाव आज बहुधा दोन संदर्भांत निघते. महात्मा गांधींनी त्यांना राजकीय गुरू मानले आणि त्यांनी भारत सेवक समाजाची स्थापना केली, हे ते दोन संदर्भ होत. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. परंतु गोपाळरावांच्या आयुष्यातील उत्तम वर्षे ज्या कामात खर्ची पडली, ते काम लोकांच्या स्मरणातून बरेचसे गेले आहे. ते काम सरकारी जमाखर्चाचे होते. कर कोणावर बसतो, किती बसतो आणि त्यातून आलेला पैसा कोठे जातो, हे तीन प्रश्न त्यांनी कायदे कौन्सिलात तेरा-चौदा वर्षे सातत्याने विचारले. मत देण्याचा अधिकार नसलेल्या सभागृहात आकड्यांच्या बळावर सरकारला उत्तर द्यावयास लावणारा हा मनुष्य मुळात गणिताचा शिक्षक होता.

गोपाळरावांचा जन्म ९ मे १८६६ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातील कोतळूक या गावी झाला. वडील कृष्णराव कागल संस्थानात नोकरीस होते. १८७९ मध्ये त्यांचे निधन झाले आणि घराचा भार थोरले बंधू गोविंदराव यांच्यावर पडला. त्यांना दरमहा पंधरा रुपये पगार मिळे. त्यांतून आठ रुपये ते कोल्हापुरास शिकणाऱ्या धाकट्या भावाला पाठवीत आणि उरलेल्या सातांत घर चालवीत. पैशाचे मोल काय असते आणि एका घराच्या अंदाजपत्रकात शिक्षणाला अग्रस्थान दिले तर बाकीच्यांना कशास मुकावे लागते, याचा पहिला धडा गोपाळरावांना येथे मिळाला. पुढे सरकारच्या अंदाजपत्रकाकडे पाहतानाही त्यांची दृष्टी या घरच्या धड्यापासून फारशी दूर गेली नाही.

१८८४ मध्ये मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजातून ते बी. ए. झाले. पुण्यास न्यू इंग्लिश स्कूलमध्ये शिक्षक म्हणून त्यांनी कामास आरंभ केला आणि डेक्कन एज्युकेशन सोसायटीचे आजीव सभासदत्व पत्करून फर्ग्युसन कॉलेजात अध्यापन केले. इंग्रजी, गणित, इतिहास, अर्थशास्त्र असे जे विषय वाट्याला आले ते त्यांनी शिकविले. शाळांसाठी त्यांनी रचलेले अंकगणिताचे पाठ्यपुस्तक दीर्घकाळ चालले. सुमारे वीस वर्षांच्या सेवेनंतर १९०२ मध्ये ते निवृत्त झाले तेव्हा त्यांना दरमहा तीस रुपये निवृत्तिवेतन मिळाले.

त्यांच्या सार्वजनिक जीवनाची खरी घडण न्यायमूर्ती रानडे यांच्या सहवासात झाली. सार्वजनिक सभेच्या त्रैमासिकाचे काम रानड्यांनी त्यांच्याकडे सोपविले. सरकारी अहवाल, खानेसुमारीची पुस्तके, पार्लमेंटपुढील कागदपत्रे यांचा ढीग तरुण गोपाळरावांपुढे येऊन पडे आणि त्यांनी काढलेले टिपण रानडे ओळीओळीने तपासीत. या कामी दुसरे गुरुस्थान होते रावबहादूर गणेश व्यंकटेश जोशी यांचे. सोलापूरसारख्या ठिकाणी मुख्याध्यापकाची नोकरी करणाऱ्या या अबोल विद्वानाचे हिंदुस्थानच्या अर्थव्यवहारावरील प्रभुत्व असाधारण होते. रानड्यांच्या निधनानंतर गोपाळरावांच्या अंदाजपत्रकी भाषणांमागील आकड्यांची जुळणी, तपासणी आणि कित्येकदा युक्तिवादाची मांडणी यांत जोश्यांचा मोठा हात होता. कौन्सिलात उभा राहणारा एकच दिसे. त्याच्या मागे अभ्यासाची ही पुणे-सोलापूरची परंपरा उभी असे.

या तयारीची पहिली मोठी परीक्षा १८९७ मध्ये लंडनमध्ये झाली. हिंदुस्थानच्या खर्चाची चौकशी करण्यासाठी वेल्बी कमिशन नेमण्यात आले होते. त्याच्यापुढे साक्ष देण्यासाठी दिनशा वाच्छा, सुरेंद्रनाथ बॅनर्जी व जी. सुब्रह्मण्य अय्यर यांच्याबरोबर गोपाळरावही गेले. त्यांचे वय त्या वेळी तीस वर्षांचे होते. लष्करी खर्चाचा बोजा, विलायतेत द्यावा लागणारा खर्च आणि वरच्या जागांवरील परकी अधिकाऱ्यांचे पगार या विषयांवर त्यांची कसून उलटतपासणी झाली आणि त्यांचे आकडे टिकले. मोठ्या पगाराच्या जागा परकीयांकडे राहिल्याने केवळ पैसा जातो असे नाही, तर कर्तृत्वाला वावच न मिळाल्याने एक सबंध समाज खुजा होत जातो, हा मुद्दा त्यांनी तेथे मांडला. तथापि याच दौऱ्याने त्यांच्यावर मोठे संकट आणले. पुण्यातील प्लेगच्या बंदोबस्तात गोऱ्या सोजिरांनी केलेल्या अत्याचारांविषयी मित्रांच्या पत्रांवरून त्यांनी इंग्लंडमध्ये जे जाहीर केले, त्याला परत आल्यावर पुरावा मिळेना. त्यांनी विनाअट माफी मागितली. स्वकीयांनी त्यांना भ्याड म्हटले आणि सरकारपक्षाने खोटे. ऐकीव गोष्टीवर विसंबण्याची किंमत त्यांनी या प्रसंगी मोजली. पुढील आयुष्यात कागदोपत्री आधार नसलेले विधान त्यांच्या भाषणांत क्वचितच सापडते.

१८९९ च्या अखेरीस ते मुंबईच्या कायदे कौन्सिलावर निवडून आले. दुष्काळाने मुंबई इलाखा होरपळत होता. १९०१ मध्ये सरकारने जमीन महसुलाच्या कायद्यात दुरुस्ती आणली. सारा थकल्यामुळे सरकारजमा झालेली जमीन शेतकऱ्याला परत देताना ती विकण्याचा वा गहाण टाकण्याचा हक्क काढून घ्यावा, असा तिचा आशय होता. सावकाराच्या पाशातून कुळाला सोडविण्यासाठी हे करीत आहोत, असे सरकारचे म्हणणे होते. कर्जाची काही सोय न लावता पत तेवढी काढून घेतली तर शेतकरी अधिकच अडचणीत येईल आणि करावयाचेच असेल तर आधी लहानशा प्रदेशात प्रयोग करून पाहावा, असे गोपाळरावांनी सांगितले. सरकारी बहुमतापुढे काही चालले नाही. तेव्हा फिरोजशहा मेहता यांच्यासह ते व आणखी काही सभासद सभागृहातून उठून बाहेर पडले. आयुष्यभर संयमासाठी ओळखल्या गेलेल्या गोपाळरावांचे हे कृत्य अपवादात्मक होते.

त्याच वर्षी मेहतांच्या जागी ते वरिष्ठ कायदे कौन्सिलावर निवडले गेले. कलकत्त्यास भरणाऱ्या या कौन्सिलाचे अधिकार ध्यानी घेतल्याशिवाय पुढील कामाचे मोल कळणार नाही. १८९२ च्या कायद्याप्रमाणे सभासदांना वर्षातून एकदा अंदाजपत्रकावर बोलता येई. त्यावर मत देण्याचा, कपात सुचविण्याचा किंवा साधा ठराव मांडण्याचाही अधिकार त्यांना नव्हता. बोलणे संपले की अंदाजपत्रक जसेच्या तसे अमलात येई. अध्यक्षस्थानी खुद्द व्हाइसरॉय असत, आणि ते या वेळी होते लॉर्ड कर्झन.

२६ मार्च १९०२ रोजी गोपाळरावांचे पहिले अंदाजपत्रकी भाषण झाले. अर्थखात्याचे सभासद सर एडवर्ड लॉ यांनी सरलेल्या वर्षाची शिल्लक सात कोटी रुपयांच्या घरात दाखविली होती आणि तिच्याबद्दल त्यांचे अभिनंदन चालले होते. या अभिनंदनात सामील होणे आपल्या मनाला पटत नाही, असे सांगून गोपाळरावांनी आरंभ केला. दुष्काळ आणि प्लेग यांनी देश गांजला असता सरकारच्या तिजोरीत एवढी शिल्लक पडते, हे समृद्धीचे लक्षण मानता येत नाही. जरुरीपेक्षा जास्त कर घेतला गेल्याची ती खूण आहे, असे त्यांचे प्रतिपादन होते.

त्यासाठी त्यांनी केलेला हिशेब कोणाही व्यापाऱ्याला समजण्याजोगा होता. हिंदुस्थान सरकारला दरसाल दीड कोटी पौंडांहून अधिक रक्कम विलायतेत भरावी लागे. रुपयाचा भाव घसरत तेरा पेन्सच्या आसपास आला तेव्हा एक पौंड भरण्यास सुमारे साडेअठरा रुपये लागत. ही खोट भरून काढण्यासाठी सरकारने कर वाढविले. १८९३ मध्ये टांकसाळी खुल्या नाणेपाडणीस बंद करण्यात आल्या आणि काही वर्षांत रुपया सोळा पेन्सांवर स्थिरावला. आता तोच पौंड पंधरा रुपयांत मिळू लागला. म्हणजे दर पौंडामागे साडेतीन रुपयांची आणि दरसाल पाच कोटींहून अधिक रुपयांची बचत झाली. खोटीसाठी बसविलेले कर मात्र खोट गेल्यावरही तसेच राहिले. सरकारची शिल्लक ती हीच, असे त्यांनी दाखवून दिले. अर्थखात्याच्या प्रचंड कागदपत्रांतून निघालेल्या या साध्या निष्कर्षाने सभागृह चकित झाले. शिल्लक म्हणजे यश हा समज या एका भाषणाने डळमळला.

कोणते कर कमी करावेत याविषयी त्यांचे मत निश्चित होते. पहिला क्रम मिठाचा. १८९० च्या कलकत्ता काँग्रेसमध्येच ते या कराविरुद्ध बोलले होते. १८८८ मध्ये मिठावरील कर मणी दोन रुपयांवरून अडीच रुपये करण्यात आला होता. श्रीमंताला या वाढीची जाणीवही होत नाही, पण मजुराच्या घरी तीच भाकरीबरोबरच्या मिठात जाणवते. कर वाढला की गरीब मीठ कमी खातो आणि कर उतरला की खप वाढून सरकारचीही फार हानी होत नाही, असा त्यांचा युक्तिवाद होता. दुसरा क्रम प्राप्तिकराचा. वर्षाला पाचशे रुपये मिळविणाऱ्या लहान कारकुनाला आणि दुकानदाराला त्यातून वगळावे, अशी त्यांची मागणी होती. तिसरा क्रम देशी गिरण्यांच्या कापडावरील साडेतीन टक्के जकातीचा. लँकेशायरच्या समाधानासाठी १८९६ पासून बसविलेला हा कर त्यांना सर्वांत अन्यायाचा वाटे. यांखेरीज जमीन महसूल हलका करावा, हे मागणे तर नित्याचेच होते.

पुढील काही वर्षांत काय झाले हे पाहण्यासारखे आहे. १९०३ मध्ये मिठाचा कर मणी दोन रुपयांवर आला आणि प्राप्तिकराची किमान मर्यादा हजार रुपये झाली. १९०५ मध्ये मिठाचा कर दीड रुपया व १९०७ मध्ये एक रुपया झाला. मिठाचा खपही वाढला. याचे सारे श्रेय एकट्या गोपाळरावांना देणे योग्य होणार नाही. सरकारजवळ शिल्लक होती आणि कर्झनसाहेबांनाही काही सवलती द्यावयाच्या होत्या. परंतु ती शिल्लक कोणाची, हा प्रश्न दरसाल मार्च महिन्यात सरकारपुढे ठेवणारा आवाज प्रामुख्याने गोपाळरावांचा होता, याबद्दल दुमत नाही. कापडावरील जकात मात्र त्यांच्या हयातीत हलली नाही. ती १९२५ च्या अखेरीस स्थगित झाली आणि पुढे रद्द झाली.

खर्चाच्या बाजूवर त्यांचा भर याहूनही अधिक होता. लष्करावरील खर्च सतत वाढत होता. १९०० च्या सुमारास हिंदी सैन्याच्या तुकड्या दक्षिण आफ्रिकेत आणि चीनमध्ये धाडता आल्या. त्याअर्थी देशाच्या संरक्षणाला लागते त्याहून अधिक सैन्य हिंदुस्थानच्या खर्चाने पोसले जात आहे, हा त्यांचा निष्कर्ष खोडणे कठीण होते. साम्राज्यासाठी ठेवलेल्या सैन्याचा खर्च साम्राज्याने उचलावा, असे ते म्हणत. चालू उत्पन्नातील शिल्लक रेल्वेबांधणीत घालण्याच्या रीतीलाही त्यांचा विरोध होता. रेल्वे कर्ज काढून बांधाव्यात, कारण तिचे उत्पन्न पुढे येतच राहते. करांतून उरलेला पैसा मात्र ज्यांनी तो दिला त्यांच्या शिक्षणाकडे आणि आरोग्याकडे वळवावा, असा त्यांचा आग्रह होता.

महसूल वाढला म्हणजे ते खूश होत असेही नाही. चीनला जाणाऱ्या अफूपासून सरकारला मोठे उत्पन्न होते. १९०७ मध्ये ही निर्यात क्रमाने बंद करण्याचे ठरले, तेव्हा तिजोरीला खड्डा पडेल म्हणून पुष्कळांनी चिंता व्यक्त केली. दुसऱ्या देशाच्या अधःपातावर मिळणारा हा पैसा आपल्याला नेहमीच लाजिरवाणा वाटत आला, या भावनेने गोपाळरावांनी त्या निर्णयाचे स्वागत केले.

१९०९ च्या मोर्ले-मिंटो सुधारणांनी सभासदांना ठराव मांडण्याचा अधिकार दिला. त्याचा उपयोग गोपाळरावांनी आपल्या जीवनातील सर्वांत मोठ्या मागणीसाठी केला. मार्च १९१० मध्ये त्यांनी सक्तीच्या व मोफत प्राथमिक शिक्षणाचा ठराव आणला आणि १६ मार्च १९११ रोजी त्याचे विधेयक मांडले. त्या वर्षीच्या खानेसुमारीत देशातील साक्षरांचे प्रमाण शेकडा सहाच्या आसपास होते. विधेयक अतिशय सौम्य होते. जेथे पुरेशी मुले आधीच शाळेत जात असतील तेथेच, स्थानिक संस्थेची इच्छा असेल तर आणि सरकारच्या संमतीने, सहा ते दहा वर्षांच्या मुलांना शिक्षण सक्तीचे करावे; महिना दहा रुपयांहून कमी उत्पन्न असणाऱ्यांच्या मुलांना फी नसावी; स्थानिक संस्थांना शिक्षणासाठी वेगळी पट्टी बसविता यावी; खर्चाचा दोन तृतीयांश वाटा सरकारने उचलावा, अशी योजना होती. हे अशक्य म्हणणाऱ्यांना त्यांनी बडोद्याचे उदाहरण दिले. सयाजीराव महाराजांनी १८९३ मध्ये अमरेली तालुक्यात सक्तीच्या शिक्षणाचा प्रयोग सुरू केला होता आणि १९०६ मध्ये तो साऱ्या राज्यास लागू केला. एका देशी संस्थानाला जे पेलले ते बलाढ्य ब्रिटिश सरकारला का पेलू नये, या प्रश्नाला समाधानकारक उत्तर मिळाले नाही.

विरोधकांचा मुख्य मुद्दा पैशाचा होता. येथे गोपाळरावांच्या आर्थिक विचारांचा खरा कस लागला. आजवर कर कमी करा म्हणणारा हाच मनुष्य आता खर्च वाढवा म्हणत होता. ही विसंगती आहे, असे म्हणणे सोपे होते. त्यांनी प्रश्न टाळला नाही. आयात मालावरील पाच टक्के जकात साडेसात टक्क्यांपर्यंत नेता येईल, असे त्यांनी सुचविले. तेवढ्याने भागत नसेल तर मिठाच्या करात मणी आठ आणे वाढ करण्यासही आपली संमती आहे, असे त्यांनी सांगितले. कौन्सिलात या कराचा इतका कडवा विरोधक दुसरा कोणी नव्हता. तरीही माझ्या देशबांधवांनी थोडे मीठ कमी खाल्ले तर चालेल, पण त्यांची मुले अज्ञानात वाढणे हे त्याहून मोठे अनिष्ट आहे, अशी त्यांची भूमिका होती.

ही भूमिका सर्वांना रुचण्याजोगी नव्हती. ज्याचा बोजा गरिबाच्या जेवणावर पडतो असा कर शाळेसाठी का होईना पण वाढवावा काय, हा प्रश्न आजही विचारता येतो. गोपाळरावांनाही त्यातील कटुता कळत होती; म्हणूनच तो उपाय त्यांनी शेवटचा मानला. परंतु या आठ आण्यांमुळे त्यांच्या दहा वर्षांच्या भाषणांचा अर्थ उलगडतो. १९०२ मध्ये त्यांचा आक्षेप कर घेण्याला नव्हता. घेतलेला कर देणाऱ्याकडे कोणत्याही रूपाने परत येत नाही, हे त्यांचे दुःख होते. तो परत येणार असेल तर अधिक मागण्याची आणि त्यासाठी लोकांचा रोष पत्करण्याची त्यांची तयारी होती. गोविंदरावांच्या पंधरा रुपयांतले आठ रुपये ज्याने खाल्ले, त्याला हे सांगण्याचा अधिकारही होता.

विधेयक प्रांतिक सरकारांकडे अभिप्रायासाठी गेले आणि बहुतेकांनी प्रतिकूल मत दिले. डिसेंबर १९११ च्या दिल्ली दरबारात लोकशिक्षणासाठी पन्नास लाखांची देणगी जाहीर झाली. सक्तीचे तत्त्व मात्र सरकारने मान्य केले नाही. पंडित मदनमोहन मालवीय व महंमद अली जिना यांच्यासारख्यांचा पाठिंबा असूनही १९ मार्च १९१२ रोजी विधेयक १३ विरुद्ध ३८ मतांनी नामंजूर झाले. काही हिंदी सभासदांनीही विरोधी मत दिले. निकाल काय लागणार हे गोपाळराव आधीपासून जाणत होते आणि तसे त्यांनी सभागृहात सांगितलेही. आपल्या पिढीने अपयशांतून देशसेवा करावयाची आहे, ही त्यांची धारणा होती.

याच वर्षी ते दक्षिण आफ्रिकेस गेले. तेथेही एका कराचाच प्रश्न होता. करार संपलेल्या हिंदी मजुरांवर नाताळमध्ये माणशी तीन पौंड वार्षिक कर लादलेला होता. तो रद्द होईल असे आश्वासन मिळाल्याची त्यांची समजूत झाली. ती खोटी ठरल्यावर गांधींच्या नेतृत्वाखाली १९१३ चा सत्याग्रह झाला आणि १९१४ मध्ये तो कर गेला.

गोपाळरावांच्या या सर्व कार्यावर त्यांच्या हयातीतच कठोर टीका झाली. जेथे मताचा अधिकार नाही तेथे आकड्यांचा अभ्यास करून काय मिळणार, हा लोकमान्य टिळकांच्या पक्षाचा सवाल होता, आणि तो बिनतोड होता. सरकारी बहुमताने त्यांना अखेरपर्यंत हरविले. पण सत्ता हाती आल्यावर राज्याचा जमाखर्च तपासणारे लोक लागतात, आणि ते आयत्या वेळी तयार होत नाहीत. त्या तयारीची पहिली शाळा गोपाळरावांनी घातली. १९ फेब्रुवारी १९१५ रोजी वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी पुण्यास त्यांचे निधन झाले. आयुष्यभराचे प्रतिपक्षी लोकमान्य सिंहगडावरून उतरून स्मशानभूमीवर आले आणि त्यांनी त्यांचा मनःपूर्वक गौरव केला.

त्यांच्या मागे मिठाचा कर पुन्हा वाढत गेला. १९१६ मध्ये तो सव्वा रुपया झाला आणि १९२३ मध्ये विधिमंडळाचा विरोध डावलून दुप्पट करण्यात आला. त्यांच्याच शिष्याने १९३० मध्ये दांडीच्या किनाऱ्यावर तो मोडला आणि १९४७ मध्ये तो संपला. शिक्षणाच्या बाबतीत विठ्ठलभाई पटेलांनी १९१८ मध्ये मुंबई इलाख्यातील नगरपालिकांसाठी सक्तीच्या शिक्षणाचा कायदा करवून घेतला. सहा ते चौदा वर्षांच्या प्रत्येक बालकाला मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क देणारा कायदा संसदेने २००९ मध्ये केला आणि तो १ एप्रिल २०१० पासून अमलात आला. त्याआधी २००४ मध्ये केंद्रीय करांवर दोन टक्के शिक्षण उपकर बसला, तो नेमका प्राथमिक शिक्षणासाठी. शाळेसाठी जादा कर मागण्याची जी कल्पना १९१२ मध्ये फेटाळली गेली, तिला सत्तेची मान्यता मिळण्यास नव्वदांहून अधिक वर्षे लागली.

गोपाळरावांच्या कौन्सिलातील भाषणांचे जाडजूड खंड जुन्या ग्रंथालयांच्या कपाटांत आजही आहेत. त्यांतील आकडे जुने झाले आणि मण, आणे, पै हे शब्दही व्यवहारातून गेले. परंतु अंदाजपत्रकाच्या दिवशी शिल्लक किती याबरोबरच ती कोणाच्या ताटातून आली आणि कोणाच्या मुलापर्यंत पोहोचली, हे ज्याला विचारावेसे वाटते, त्याने ते खंड एकदा उघडून पाहावेत.